वाफ विकणाऱ्यांची पंचायत

"डेन्मार्कात म्हणे घरोघरी बंब नसतो," मी कुंपणावरून एवढंच म्हटलं, तर काकूंनी हातातल्या काटक्या तिथंच टाकल्या.

"बंब नाही? मंग आंघोळ कशानं करतेत? का करतच नाहीत?"

"करतात की. नळ उघडला की गरम पाणी, चोवीस तास. घरही उबदार. पण घरात ना बॉयलर, ना शेगडी. गावात एक कारखाना असतो, तिथून रस्त्याखालच्या पाइपांतून कढत पाणी येतं, घराला ऊब देतं आणि निवून परत जातं."

"सगळ्या गावाचा एकच बंब!"

"एकच समजा. तिकडं तीनातली दोन घरं अशी तापतात."

आदिलाबादच्या डिसेंबरात ही चौकशी रिकामटेकडी नाही. वर्षभर आमचं नाव पेपरात कापसाच्या भावाखाली बारीक टायपात येतं. थंडी पडली की पहिल्या पानावर. भीमपूर मंडलातलं अर्ली तर तेलंगणात थंडीच्या नंबराला कायम पुढं. माझा पुतण्या डेन्मार्कात अशाच एका ऊब पुरवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. इथल्या थंडीचा आकडा टीव्हीवर पाहून त्यानं परवा फोन केला आणि आईची तब्येत विचारायची सोडून अर्धा तास आपल्या धंद्याचा कुळाचार सांगत बसला. तोच मी काकूंना पोचवत होते.

"मंग हे डोकं डेन्मार्कवाल्याचं?" काकूंनी विचारलं.

"नाही, अमेरिकेचं. न्यूयॉर्क राज्यात लॉकपोर्ट नावाचं गाव आहे, ईरी कालव्याच्या काठी. तिथं बर्डसिल हॉली नावाचा एक खटपट्या माणूस होता. पंप बनवायचा, गावाच्या नळाला दाब द्यायची यंत्रं बनवायचा, आग विझवायचे रस्त्यावरचे नळ बनवायचा. १८७६ साली त्यानं स्वतःच्या घरी बॉयलर बसवला आणि परसातून पाइप फिरवून बघितलं की वाफ लांबवर गरम राहते का. राहिली. मग शेजारच्या घराला जोडली."

"शेजारच्याले? फुकट?"

बघा, काकूंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. शेजाऱ्याला ऊब देण्याची कल्पना गोड आहे, पण पहिल्या दिवशीची ती गोडी महिनाअखेरीला बिलात कशी उतरवायची, यावरच या धंद्याची पुढची तीस वर्षं भांडणात गेली. पण ते नंतर.

१८७७ मध्ये हॉलीनं कंपनी काढली. पहिल्या वर्षी चौदा गिऱ्हाइकं. दोन वर्षांत पाइपांचा फेरा तीन मैलांवर गेला, कारखानेही जोडले गेले. आता पाइप जमिनीत पुरायचा म्हणजे वाफ वाटेतच गार होणार. त्यासाठी पाइपाला नमदा, कागद वगैरे गुंडाळून तो लाकडाच्या पोकळ ओंडक्यात घालायचे. दुसरी अडचण आणखी खोडसाळ होती. लोखंड तापलं की लांबतं. शंभर फूट पाइप थंडगार असताना पुरला आणि त्यात वाफ सोडली की तो दीडेक इंच वाढतो. त्या दीड इंचाला जायला जागा नसली तर सांधा फुटतो. मग ठिकठिकाणी सरकते सांधे बसवायचे. त्यांतूनच घराघराला जोडण्या काढायच्या.

इथं काकूंच्या पलीकडच्या ओसरीवरून पेपर खाली झाला. गुरुजी. चाळीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळं कुठल्याही गावाचं नाव निघालं की ते गप्प बसूच शकत नाहीत.

"पण मोठा खेळ न्यूयॉर्क शहरात झाला," गुरुजी म्हणाले. "मॅनहॅटनमध्ये आजही रस्त्यातून वाफ निघताना सिनेमात दिसते ना, ती हीच."

बरोबर. वॉलेस अँड्र्यूज नावाच्या माणसानं हॉलीची पद्धत तिथं नेली. न्यूयॉर्क स्टीम कंपनीनं ३ मार्च १८८२ ला पहिल्या गिऱ्हाइकाला वाफ दिली, तेही ब्रॉडवे आणि वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका बँकेच्या इमारतीला. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झालं. म्हणजे त्या शहरात एडिसनच्या विजेच्या आधी सहा महिने वाफ विकली जात होती! शाळेत मात्र आपल्याला फक्त एडिसन शिकवला.

"आन् तो अँड्र्यूज? लई पैसा केला असन."

"केला. आणि १८९९ मध्ये घराला आग लागून गेला. बायकोही गेली त्यात."

"माय वं!" काकू क्षणभर गप्प झाल्या. "गावाले ऊब देनाऱ्याच्या घरी आग." मग लगेच, "पोरंबाळं?"

पोराबाळांचं मला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या पैशातून ओहायोत मुलींची शाळा निघाली, हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. पैसा सत्कारणी लागला की नाही हे कळल्याशिवाय काकू कुणाला मरू देत नाहीत.

तेवढ्यात तिसऱ्या घरातल्या अक्का वाळत घालायचे कपडे घेऊन आल्या. माहेर करीमनगरचं, पण इथं येऊन मराठी अशी उचलली की काकूंशी भांडायलाही पुरते. त्यांना पुन्हा बर्डसिलपासून सगळं सांगावं लागलं. ते मी इथं देत नाही.

"तर बिलाचं काय झालं?" गुरुजींनी गाडी रुळावर आणली.

बिलाचं असं झालं. हॉलीच्या मागोमाग गावोगावी असे कारखाने निघाले. मग वीज आली. त्या काळची वीजकेंद्रं लहान, भर गावात, वाफेच्या इंजिनावर चालणारी. इंजिनातून निघालेली वाफ हवेत सोडून द्यायची. कंपन्यांच्या डोक्यात आलं, ही वाया जाणारी वाफ विकू. फुकटातली वस्तू, मिळेल तो भाव आपला. शिवाय हॉटेलवाल्यानं स्वतःचं इंजिन काढून टाकावं आणि आपली वीज घ्यावी, म्हणून वर ही ऊब स्वस्तात द्यायची. भाव लावला गुत्त्यानं. घरात किती चौरस फुटांचे रेडिएटर आहेत ते बघायचं आणि हंगामाचे अमुक डॉलर ठरवून टाकायचे.

"गुत्त्यानं?" अक्का हसल्या. "अय्यो! मग कोण वाचवणार?"

कुणीच वाचवलं नाही. गुत्त्याचा माणूस खोली फार तापली की रेडिएटरची चावी बंद करत नाही, तो खिडकी उघडतो. बाहेर बर्फ, आत वाफ, मधे उघडी खिडकी आणि तिकडं कंपनीचा माणूस बॉयलरमध्ये कोळसा ओततोय. कडाक्याची थंडी पडली की जादा वाफ लागायची. इंजिनातली वाया जाणारी वाफ पुरायची नाही, मग खास कोळसा जाळून ताजी वाफ करावी लागायची, आणि तीही त्याच जुन्या भावात द्यायची. फुकटची समजलेली वस्तू घरात घालून घालून कंपन्या बुडू लागल्या.

"तर मग मीटर बसवा," गुरुजी म्हणाले.

"वाफेला मीटर? वाफ मोजणार कशी?"

यावर जी युक्ती निघाली ती मला फार आवडली. पुतण्यानं मला तिचं चित्रच धाडलं होतं, ते मी मोबाइलवर काकूंना दाखवलं. वाफ रेडिएटरमध्ये शिरते, आपली उष्णता टाकते आणि तिचं पाणी होतं. आत आली वाफ, बाहेर पडलं पाणी, वजन तेच. मग वाफ मोजायची कशाला, पाणी मोजा! तळघरात एक डबा. डब्यात पाठीला पाठ लावून दोन पन्हाळी, मधल्या दांडीवर तोललेल्या. वरून पाणी एका पन्हाळीत पडतं. ती ठरावीक वजनाला भरली की कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी धारेखाली येते. दर कलंडण्याला बाजूच्या आकड्याचा काटा एक घर पुढं. खट... खट... महिनाअखेरीला माणूस येऊन आकडा वाचून जातो. हॉलीच्या कंपनीतूनच पुढं निघालेली अमेरिकन डिस्ट्रिक्ट स्टीम कंपनी असले मीटर बनवून विकायची.

काकूंनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "आन् एखाद्यानं डब्याच्या आधीच पानी काढून घेतलं तं? धुण्याले?"

मी पुतण्याला ही शंका विचारायची ठेवली आहे. पण बाई कापूसवाल्या घरातली, तिला मापाचा संशय शिकवावा लागत नाही. आमच्या मार्केट यार्डात दर हंगामाला हेच. ओलावा मोजायचं यंत्र कापसाच्या ढिगात खुपसतात आणि शेतकऱ्याचा जीव त्या आकड्यात अडकतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पुरता हमीभाव, वर जाईल तशी कपात, आणि बारा ओलांडले की सरकारी खरेदीच नाही. मग हिवाळ्याच्या सकाळी दवात आलेली गाडी उन्हं चढेपर्यंत थांबवून ठेवायची की नाही, यावर दोन तास वाद. काकांचा शब्द ठरलेला असायचा: यंत्र खोटं नाही, यंत्र धरणारा हात बघा.

"बरं, पण तू पंचायत पंचायत करून राहिली, ती कुठी हाये?" काकूंनी हटकलं.

ती आता आली. १९०९ साल, ओहायो राज्यातलं टोलेडो गाव. ऊब विकणाऱ्या कंपन्यांची माणसं एकत्र जमली आणि त्यांनी संघटना काढली, नॅशनल डिस्ट्रिक्ट हीटिंग असोसिएशन. या धंद्याची ही जुनी संघटना आजही चालू आहे.

"व्यापाऱ्यांची संघटना म्हणजे काय ते मला सांगू नका," अक्कांनी साडी झटकत फर्मावलं. "सगळे मिळून भाव पाडतात."

गुरुजींनी चष्मा काढला. मला वाटलं आता भूगोल येणार, पण आलं ते शहाणपणाचं. "अक्का, कापसाच्या जिनिंगवाल्यांचं तसं होऊ शकतं. एकाच यार्डात दहा जिनिंगवाले, एकाच ढिगावर डोळा. ते एकमेकांना खरा हिशेब सांगणार नाहीत, आणि सांगितला तर तुम्ही म्हणता तसा आपल्या पोटावर पाय द्यायलाच सांगतील. पण वाफेचं बघा. वाफ किती लांब जाते? मैल, दोन मैल. पुढं गार. टोलेडोचा माणूस लॉकपोर्टचं गिऱ्हाईक पळवूच शकत नाही. पाइपच पोचत नाही. मग आपला पाइप कुठं फुटला, कुठला मीटर खोटा चालला, गुत्त्यात आपण किती बुडालो, हे दुसऱ्याला सांगायला त्याचं काय जातं?"

मला स्वतःला हे पटतं. पुतण्याशी बोलताना याच गोष्टीवर मी अडले होते, की धंदेवाले लोक आपल्या फजित्या एकमेकांना सांगतील कशाला? ही मंडळी दरसाल अधिवेशन भरवायची, त्यात वाचलेले निबंध आणि त्यावरची चर्चा छापून काढायची. विषय सगळे मातीतले: पाइपावरची गुंडाळी कुठली टिकते, जमिनीतलं पाणी ओंडक्यात शिरलं तर काय, गुत्ता मोडून मीटर लावताना गिऱ्हाईक कसं राखायचं, कोळसा महागला तर भावात वाढ कशी मागायची. पुढं हे ज्ञान जमवून त्यांनी हँडबुकही काढलं. हे सगळं जमलं ते त्यांचा माल लांब जात नव्हता म्हणून. ज्याचं गिऱ्हाईक आपण पळवू शकत नाही, त्याच्याशी मोकळ्या गप्पा होतात.

"म्हंजे आपल्यासारख्या," काकू म्हणाल्या. "तुह्या घरच्या भाजीचं मले काय करायचं हाये?" आणि लगेच, "काय केली आज?"

वांगी केली होती. सांगितलं.

पुढचा भाग थोडा खिन्न आहे, म्हणून आटोपता घेते. विजेची केंद्रं मोठी झाली, कोळशाजवळ, नदीजवळ, गावाबाहेर गेली. टर्बाइनातली वाफ तिथंच गार करून पुन्हा बॉयलरमध्ये जाऊ लागली. गावाला द्यायला वाया जाणारी वाफ उरली नाही. लहान गावांतले पाइप एकेक करून बंद झाले. घरोघर गॅस आणि तेलाचे बॉयलर आले. न्यूयॉर्कसारख्या शहरांतली वाफ मात्र टिकली. संघटनेनंही अंग बदललं. १९६८ मध्ये 'नॅशनल'ची 'इंटरनॅशनल' झाली, मग नावात ऊबेच्या जोडीला गारवा आला, आणि १९९४ पासून ती इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट एनर्जी असोसिएशन म्हणवते.

डेन्मार्कची तऱ्हा वेगळी. तिथं सुरुवात कचऱ्यापासून झाली. १९०३ मध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गला कचरा जाळायचा कारखाना काढला आणि त्याच्या उष्णतेवर दवाखाना तापवला. पुढं गावागावांत लोकांनी एकत्र येऊन ऊबेच्या सहकारी संस्था काढल्या. गिऱ्हाईक तोच मालक. त्यांची देशभरची संघटना १९५७ ची.

"आपल्या प्रवरानगरच्या साखर कारखान्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती," गुरुजींनी जोडून दिलं. सहकार म्हटलं की गुरुजी नगर जिल्ह्यात जाऊन येतातच.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. तोवर तो देश तेलावरच तापत होता. १९७९ मध्ये त्यांनी उष्णतेचा कायदाच केला. आणि नफा? ऊबेवर नफा काढायचा नाही, खर्च तेवढा वसूल करायचा, असा तिकडं दंडक. दुसरी गंमत पुतण्यानं सांगितली ती अशी. घरातून परत जाणारं पाणी चांगलं निवलेलं असावं लागतं. नीट न वापरता गरमच परत पाठवलं तर बऱ्याच ठिकाणी बिलात जादा आकारणी होते.

"गरम पानी वापस केलं तं दंड!" काकूंना हे फारच भावलं. "आमच्या सुनेले सांगा. अर्धी बादली कढत पानी मोरीत वोतते."

सून आतच होती. विषय बदलणं भाग होतं, म्हणून मी उनकेश्वर काढलं. पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यात, गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं. अंगाला खरूज-गजकर्ण झालं की इथली अर्धी माणसं तिकडं जाऊन येतात. १९५६ पर्यंत किनवट आमच्याच जिल्ह्यात होतं. भाषावार प्रांतरचनेत ते आणि राजुरा पलीकडं गेलं.

"तेच तं म्हनते मी! ते पानी पाइपानं आनलं असतं तं?"

"फ्रान्समध्ये आणतात," गुरुजी म्हणाले. "शोदेझ-एग नावाचं गाव आहे, तिथला झरा ८२ अंशांचा. चौदाव्या शतकापासून तेच पाणी घराघरात फिरवून घरं तापवतात. पण झरा गावातच आहे. उनकेश्वरचं पाणी तितकं कढत नाही, आणि इथवर येईतो आंघोळीलाही गार वाटेल."

"मग जयपूरचं?" अक्कांनी विचारलं. म्हणजे राजस्थानचं नव्हे, आमच्या मंचेरियालकडचं, सिंगरेणीचं १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र. "तिथं मोठमोठ्या टॉवरातून दिवसरात्र वाफ जाते की."

जाते. कोळशात असलेल्या उष्णतेतली निम्म्याहून जास्त अशीच जाते. पण तिथून आदिलाबाद लांब, आणि आमची थंडी दीड-दोन महिन्यांची. एवढ्यासाठी रस्ते उकरून पाइप पुरायचे म्हणजे खर्च कोण झेलणार? थंडी महिनोन्महिने टिकते तिथंच हा जुगार परवडतो. काकूंचा भाऊ कागजनगरच्या सिरपूर पेपर मिलमध्ये बॉयलरवर होता. वाफ म्हणजे काय ते तो सांगायचा. पण ती वाफ लगद्याला आणि कागद वाळवायला. २०१४ मध्ये मिल बंद पडली, २०१८ मध्ये दुसऱ्या मालकाकडून पुन्हा चालू झाली. ऊब विकायचा विचार तिथं कुणी केला असेल असं वाटत नाही. उन्हाळ्यात ४५ अंश सोसणाऱ्या मुलखात ऊब घेणार कोण?

आपल्याकडं हा धंदा येतोय तो उलट्या बाजूनं. गुजरातेत गिफ्ट सिटीत एका ठिकाणी पाणी गार करून पाइपानं इमारतींना पुरवतात, म्हणजे प्रत्येक गच्चीवर वेगळं एसीचं यंत्र नको. ठाणे आणि पुण्याचाही यासाठी अभ्यास झाला. आणि आमच्या हैदराबादेत २०२३ मध्ये दुबईकडच्या, अबुधाबीच्या तब्रीद कंपनीनं तेलंगण सरकारशी अशाच गारव्यासाठी सामंजस्य करार केला, सायबराबाद आणि फार्मा सिटीचं नाव घेऊन.

"माझा मोठा तिथंच आहे, सायबराबादला," अक्का म्हणाल्या. "ऑफिसात एवढं थंड की मे महिन्यात स्वेटर घालतो. आता थंडी पण विकत?"

"विकत!" काकूंचे डोळे चमकले. "मंग आपली घेऊन जा म्हना. इथं पडून राहिली हाये फुकट. पाइप टाका हैदराबादलोक, बिल आपन पाठवू."

"बिल कसं लावणार?" गुरुजींनी पेपरामागून विचारलं. "गुत्त्यानं की मीटरनं?"

"मीटरनं," काकू काटक्या उचलत म्हणाल्या. "गुत्त्यानं देलं तं थे लेकाचे खिडक्या उघड्या ठेवतीन."